कागदांच्या आधी आलेली ऐतिहासिक कादंबरी

मराठी ऐतिहासिक कादंबरीचं बळ आणि दुखणं एकाच घरचं आहे. मुंबईत 1867 साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिक सुरू झालं आणि त्याच मासिकाचे संपादक रा. भि. गुंजीकर यांनी 1871 मध्ये ‘मोचनगड’ ही कादंबरी दिली. काळ शिवशाहीचा, गड मात्र कल्पित. दुसरा इलाजही नव्हता. हाताशी ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठ्यांचा इतिहास आणि जुन्या बखरी, एवढंच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या कागदपत्रांच्या मालेचा पहिला खंड 1898 चा, तर पेशव्यांच्या सरकारी दफ्तरातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी 1930 पासून छापले. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’सुद्धा राजवाड्यांच्या आधीची.

बखरीने वेग दिला, नियतकालिकातल्या हप्त्याने उत्कंठा. वाचक जमला तो त्यामुळेच. पण वेषांतरं, भुयारं आणि सभेत बोलल्यासारखे संवादही तिथूनच आले नि मुक्कामाला राहिले. पुढे कागद मिळाले तेव्हा उलटी खोड लागली: अख्खं पत्र पात्राच्या तोंडी घालायचं.

उत्तर कोकणावर लिहिताना तर खरी कसोटी लागते. मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या वसईला घातलेला 1739 चा वेढा घ्या. पोर्तुगीज तारखा नव्या (ग्रेगोरियन) पंचांगाच्या, मुंबईकर इंग्रजांच्या जुन्या (ज्युलियन). फरक 11 दिवसांचा. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणजे त्यांच्या पत्रातला जानेवारी 1738 हा आपला 1739. मराठी कागदात शक, तिथी किंवा सुहूर सन ही अरबी वळणाची कालगणना. हे जुळवलं नाही तर जासूद निघण्याआधीच पोचतो.

भूगोलातही तेच. माहीम-वांद्र्याचा बांधरस्ता 1845 चा. त्याआधीचा स्वार वसईहून सरळ माहीमला दौडत आणला की प्रकरण फसलं. वाटेत दोन खाड्या आहेत, घोडा पलीकडे न्यायला तर, म्हणजे नाव, हवी, आणि ती भरतीची वाट पाहणार. इथे तिथीच कामाला येते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला पूर्ण भरती साधारण तीनला, ओहोटी नवाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटी. पत्रावर तिथी असली की स्वार काठावर किती वेळ अडकला असेल हे लेखकाला काढता येतं, आणि त्या खोळंब्यातून उभा राहणारा प्रसंग कुठल्याही भुयारापेक्षा जास्त पटतो. प्रादेशिक कादंबरीची खरी ताकद इथेच आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडे सर्वांत कमी वापरली गेली.