प्यायला पाणी नाही अन् मासे कामून पाळायलात?

घरामागं माशांचा हौद बांधला तेव्हा शेजारच्या काकू कंपाउंडवरून डोकावून म्हणाल्या, "प्यायला पाणी नाही अन् तुम्ही मासे कामून पाळायलात ओ?" बरोबरच आहे त्यांचं. आमचं लातूर, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हेच गाव, आणि इथं ८ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट खोल हौद म्हणजे चैनच की. १०० घनफूट झाले, एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे साधारण २८०० लिटर पाणी. हे दर आठवड्याला उपसून फेकलं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मग तेच पाणी फिरवून फिरवून वापरायचं आणि त्यासाठी फिल्टर करायचा, रेडिमेड घ्यायला गेलं तर हौदापेक्षा महाग, म्हणून घरीच.

फिल्टर म्हटलं की डोळ्यासमोर चहाची गाळणी येते, माझ्याही आली होती. पण मासा पाण्यात जे सोडतो त्यातलं सगळ्यात वाईट ते डोळ्याला दिसतच नाही, विरघळलेलं असतं, त्याला गाळणी काय करणार. ते म्हणजे अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सोडतो, म्हणजे नुसता श्वास घेत उभा असला तरी चालूच. खाद्यात प्रोटीन, प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन, त्यातला थोडाच माशाच्या अंगाला लागतो आणि बाकीचा पाण्यात. ढोबळ हिशोब असा की १०० ग्रॅम खाद्यामागं ३ ग्रॅमच्या आसपास अमोनिया.

आता आपल्याकडची गंमत बघा. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक जहाल, आणि कुठलं किती हे पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप, ७ म्हणजे मधलं) आणि तापमानावर ठरतं. ३० अंशाला पीएच ७ असेल तर जहाल रूप एका टक्क्याच्याही आत, तोच पीएच साडेआठ झाला की २० टक्के. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच अजून वर नेतं, म्हणजे सकाळी खुशाल फिरणारे मासे दुपारी चारला कोपऱ्यात गप्प. पाणी तेच, अमोनियाही तेवढाच.

याच्यावर इलाज बॅक्टेरियाचा. सर्गेई विनोग्राद्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास दाखवून दिलं की काही बॅक्टेरिया अमोनियावरच जगतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. (दोन्ही कामं एकटा करणारा बॅक्टेरिया असतो हे तर २०१५ मध्ये कळलं.) नायट्राइटही वाईटच, त्यानं माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून न्यायचं बंद होतं. नायट्रेट मात्र बरंच सौम्य, झाडांना तर खाऊच. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत फिरण्यापेक्षा कशाला तरी चिकटून राहतात, म्हणून फिल्टर करायचा म्हणजे त्यांना चिकटायला जागा द्यायची. गाळणी नाही, गोठा बांधायचा.

जागा कशाची द्यायची याच्यावर लोक फार डोकं लावतात. मी औशाहून मेव्हण्याच्या शेतातली उंदरांनी कुरतडलेली ड्रिपची लॅटरल आणली, भंगारात जाणार होती. १६ एमएमची नळी, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, आतली आणि बाहेरची दोन्ही बाजू धरली तर १०० मीटर नळीत साडेनऊ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे एका छोट्या खोलीची फरशी मावली फिल्टरच्या निळ्या ड्रममध्ये. बॅक्टेरिया नीट बसले की एक चौरस मीटर दिवसाला पाव ग्रॅम तरी अमोनिया पचवतो असं धरा, माझं खाद्य दिवसाला २० ग्रॅम, अमोनिया अर्ध्या-पाऊण ग्रॅमच्या आत, जागा भरपूर. कात्रीनं तुकडे करून अंगठ्याला फोड आला ते वेगळं. कूलरचं गवत मात्र टाकू नका, सडतं.

पहिल्या वर्षी ड्रम पाण्यानं गच्च भरायचा आणि तुकडे त्यात बुडवायचे असं केलं. ड्रिपची नळी पाण्यापेक्षा हलकी हे लक्षातच नाही, सगळे तुकडे वर येऊन तरंगायले. मग कांद्याच्या जाळीच्या गोणीत भरून वर दगड ठेवला. ते जमलं, पण लाईटचं काय? अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला बॅक्टेरियाला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, आणि पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी, २० अंशाला लिटरमागं ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसातच. लाईट गेली, पंप बंद, ड्रममधला ऑक्सिजन संपला, आतला गाळ कुजायला लागला, आणि पाच तासांनी लाईट आली की ते सडकं पाणी सरळ हौदात. सडक्या अंड्याचा वास आला की समजायचं.

म्हणून आता उलटं केलंय. ड्रमच्या बुडाला मोठं भोक, तुकडे पाण्याबाहेर, वरून भोकं पाडलेल्या पाइपातून पाणी झिरपत खाली हौदात. तुकडे ओले पण हवेत, लाईट गेली तरी बॅक्टेरिया श्वास घेतात, लांबलं तर वरून ओलं पोतं टाकायचं. तोटा एकच, पाणी वाफ होऊन जास्त उडतं, आणि आमच्याकडं तो तोटा लहान नाही.

ड्रमच्या आधी एक बादली ठेवलीय, त्यात पाणी गोल फिरतं आणि विष्ठा, उरलेलं खाद्य तळाला बसतं, तिथून पुढं फोमचा तुकडा. पंप कूलरचाच. खोक्यावरचे तासाचे लिटर बघू नका, ते पाणी वर चढवायचं नसताना असतात. १५ लिटरची बादली पाइपाखाली धरून बघा, माझी ४५ सेकंदात भरते, तासाला १२०० लिटर, म्हणजे सव्वादोन-अडीच तासांत हौद एकदा फिरतो, पुरे. आणि कूलरचा शॉक काय असतो हे मराठवाड्यात सांगायला नको, प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात नाही, लाइनला आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच.

नवीन फिल्टर लगेच काम करत नाही, बॅक्टेरिया बसायला तीन ते सहा आठवडे, तोवर मासे कमी आणि खाद्य चिमूटभर. आणि हिरवं पाणी यानं जाणार नाही, शेवाळाची एकेक पेशी फोममधून आरामात जाते, त्याला वर शेडनेट लावा.

माझा मोठा घोळ गौरी-गणपतीत झाला. पाहुणे येणार म्हणून ड्रम, फोम, तुकडे, सगळं नळाखाली घासून चकाचक केलं, त्या दिवशी नळाला क्लोरीनचा वास येत होता तरी. चौथ्या दिवशी पोरगी ओरडत आली, "पप्पा, मासे वर येऊन तोंड उघडायलेत!" १४ पैकी ५ गोल्डफिश गेले. मी बॅक्टेरिया धुऊन टाकले होते. आता फोम आठवड्यातून एकदा हौदाच्याच पाण्याच्या बादलीत पिळायचा, तुकडे सहा महिन्यांतून एकदा आणि तेही निम्मेच, नुसते हलवून. चांगल्या फिल्टरला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. पिळलेलं काळं पाणी अळूला, नायट्रेटवर अळू असा माजलाय की विचारू नका. नळाचं पाणी टाकायचं तर एक दिवस उघड्या टपात ठेवून, घाई असेल तर हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, ब्लीचवालं हायपोक्लोराइट नव्हे).

उन्हाळ्यात अजून एक. वाफ होऊन पाणी जातं, क्षार जात नाहीत, ड्रमच्या काठाला पांढरा थर धरतो तो तोच. नुसती भर घालत राहिलं तर पाणी जड होत जातं, म्हणून दहा-बारा दिवसांनी चार बादल्या काढून झाडाला आणि तेवढंच ताजं आत.

मे महिन्यात खाद्य मी निम्म्यावर आणतो, ऑक्सिजन कमी असतो म्हणून. पण रविवारी अमोनियाच्या टेस्ट किटचे थेंब टाकले की कधीकधी पिवळ्याऐवजी हिरवा रंग येतो, म्हणजे अमोनिया आहे. मग आईला विचारायचं, आज हौदात कितीक चपात्या टाकल्यास? ती म्हणते एकच, ती बी लहान.