उत्तरेचा उजेड आणि मुंबईचे चेहरे

छायाचित्रणाच्या जुन्या पुस्तकांत एक नियम ठाम दिलेला असतो: व्यक्तिचित्र काढायचे तर उत्तरेच्या खिडकीशी. लंडन-पॅरिसमध्ये तो चोख लागू पडतो. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यातली सकाळ-संध्याकाळ सोडली तर उत्तरेच्या काचेतून फक्त आभाळाचा मऊ, एकसारखा उजेड येतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. इथे १५ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस (माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर) येतो आणि पुढे जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला राहतो. शिवाय मार्च ते सप्टेंबर तो उगवतो-मावळतो तेही उत्तरेकडे सरकून. स्टुडिओला उत्तरेकडून काचेचे छप्पर केले तरी मेच्या उत्तरार्धात थेट ऊन आत उतरते, भुवईखाली काळे खड्डे पडतात आणि नाकाची सावली ओठावर येते. अशा काचेखाली मलमलीचे पडदे ताणल्याशिवाय चालत नाही.

छायाचित्रणाचे तंत्र मुंबईत लवकर रुजले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधला फोटोग्राफीचा वर्ग १८५५चा. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या पहिल्या पिढीतले.

त्यांच्या हाती होती १८५१ची ओल्या कलोडियनची पद्धत. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, आणि ती ओली आहे तोवर फोटो घेऊन डेव्हलपही करायची. कलोडियनमध्ये ईथर असते, ते उकाड्यात भराभर उडते. काच वाळली की तिची संवेदनशीलता गेली. एक्स्पोजर (काचेवर उजेड पडू देण्याचा वेळ) कित्येक सेकंदांचे असे, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. त्या काळच्या फोटोंतला करारी, ताठ चेहरा आपण माणसाचा स्वभाव समजतो. त्यातला बराचसा ताठपणा टेकूचा आहे.

दुसरी अडचण रंगाची. ही काच निळा उजेड टिपते, तांबड्याला जवळजवळ आंधळी असते. सावळी कातडी आहे त्याहून काळी येते, लाल पगडीही काळी पडते आणि पांढरा अंगरखा मात्र फार उजळून सपाट होतो. कातडीसाठी एक्स्पोजर वाढवावे तर कापडाच्या चुण्या जातात. छायाचित्रकार विल्यम जॉन्सनचे मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे खंड (१८६३, १८६६) याच साधनांचे. त्यांत माणसे वेगळी टिपून मागे दुसरेच दृश्य जोडलेले आहे. अशा जोडकामात माणसावरचा उजेड एका बाजूचा आणि मागच्या इमारतीवरचा दुसऱ्या, असे सहज होऊ शकते. जुने प्रिंट पाहताना सावल्यांची दिशा आधी तपासावी.

१८८०च्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर आले. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला तोवर टेकूची गरज उरली नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१२-१३ मध्ये दादरला 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला तोही उन्हाच्याच भरवशावर. पुढे विजेचे दिवे आले आणि काचेची छपरे मागे पडली.

आज मुंबईत सर्वांत चांगला उजेड चाळीच्या गॅलरीत मिळतो. एक बाजू उघडी, दुसरीकडे भिंत, वर छप्पर. चेहऱ्यासाठी माणसाला उघड्या बाजूकडे ४५ अंशांत वळवावे. दूरच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडला की हाडाची ठेवण दिसते. बांध्यासाठी हे पुरत नाही. मल्लखांबपटूची पाठ किंवा पैलवानाचे खांदे दाखवायचे तर उजेड ८०-९० अंशांतून, अंगाला घासून जावा. समोरून आला की पीळ सपाट होतो. सावलीच्या बाजूला काळे कापड धरले तर स्नायूंच्या कडा उठतात, पांढरे थर्मोकोल धरले तर त्या विरतात. ढगाळ दिवशी आयएसओ (संवेदनशीलता) ४००, एफ (भिंगाच्या छिद्राचे माप) २.८, शटर १/१२५ सेकंद इथून सुरुवात करावी. ट्यूबलाइट बंदच हवी.

पावसाळ्यात गॅलरीला निळी ताडपत्री लावतात, तिथे घोटाळा होतो. उजेड तिच्यातून गाळून आला की उघड्या बाजूचा गाल निळसर होतो, भिंतीकडचा भिंतीच्या रंगाचा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगदुरुस्ती) बदलला की एक गाल सुधारतो आणि दुसरा बिघडतो, म्हणून फोटोपुरती ताडपत्री गुंडाळावी.