प्रोटीनचा डबा आणि यकृतातली चरबी : पार्श्वभूमी

वाढलेलं वजन, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ आणि जिममध्ये कुणीतरी सुचवलेला व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाचा, डबा, हे त्रिकूट शहरांत आता सवयीचं झालंय. प्रथिनं वाढवली की यकृतातली चरबी उतरते, हा समज मात्र जिमपेक्षा बराच जुना.

इन्सुलिनच्या शोधानंतर टोरंटोच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगू लागले, पण त्यांची यकृतं चरबीनं भरत गेली. चार्ल्स बेस्ट आणि सहकाऱ्यांना १९३२मध्ये दिसलं, की लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ दिला तर ही चरबी साचत नाही. मग त्यातला गुणकारी घटक, कोलीन, हाती लागला. १९३५पर्यंत दुधातल्या केसीन या प्रथिनाचाही तसाच गुण लक्षात आला. त्याच सुमारास डॉक्टर सिसिली विल्यम्स पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, अंगावरचं दूध तुटलेली, मक्यावर वाढणारी, सुजलेली मुलं पाहत होत्या. क्वाशिओरकोर या कुपोषणाच्या आजारानं दगावलेल्या अशा मुलांचं यकृत चरबीनं भरलेलं असे. यकृत चरबी बाहेर धाडतं ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून. वेष्टनच नसेल तर माल गोदामात पडून राहतो, असं त्याचं साधारण स्पष्टीकरण.

यातून जगभर ‘प्रथिनांच्या तुटी’चा गाजावाजा झाला. त्याला आकडेवारीनिशी आव्हान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, रोमला एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहिलेले पां. वा. सुखात्मे होते. गरिबाच्या ताटात मुळात अन्नच कमी आहे, पोटभर मिळालं तर प्रथिनंही बहुधा पुरतील, असं ते सांगत. प्रोटीनच्या आजच्या जाहिराती वाचताना त्यांची आठवण येते.

प्रश्न लठ्ठ माणसांपर्यंत पोचला तो शस्त्रक्रियेमुळे. १९६० आणि ७०च्या दशकांत वजन उतरवण्यासाठी लहान आतड्याचा बहुतेक भाग वळसा घालून टाळत. अन्नाच्या वाटेवर जेमतेम अर्धा मीटर आतडं उरे. वजन झपाट्यानं घटे, पण काहींच्या यकृतात चरबी उलट वाढे आणि यकृत निकामी होई. १९७४मध्ये या रुग्णांच्या रक्तातल्या अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनांच्या घटकांचं, चित्र क्वाशिओरकोरच्या मुलांसारखं असल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे शिरेतून नुसती अमिनो आम्लं दिल्यावर चरबी ओसरल्याचंही नोंदलं गेलं. म्हणजे लठ्ठ शरीरातही प्रथिनांचा दुष्काळ असू शकतो. ती शस्त्रक्रिया नंतर मागे पडली.

१९८०मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी २० रुग्णांचं वर्णन केलं. दारू न पिणारे, बहुतेक लठ्ठ, आणि यकृत मात्र दारुड्याचं असावं तसं. इथं गणित बदलतं. या यकृतात चरबी साचते ती बांधून धाडायला प्रथिन नाही म्हणून नव्हे, तर आवक फार म्हणून. २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून आलेली आढळली. २६ टक्के यकृतानं स्वतः तयार केलेली, तर १५ टक्के आहारातली होती.

मग वरून प्रथिनं देऊन काय साधणार? २०११मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटानं ११ लठ्ठ स्त्रियांना चार आठवडे रोज ६० ग्रॅम व्हे प्रथिन दिलं आणि यकृतातली चरबी सरासरी २१ टक्के घटल्याचं मांडलं. पोटातली चरबी तशीच राहिली. आकडा बोलका आहे, पण बायका अकरा आणि तुलनेला दुसरा गट नाही. २०१७चा जर्मनीतल्या पॉट्सडॅमजवळचा अभ्यास जास्त वजनदार : मधुमेह असलेले ३७ जण, सहा आठवडे, ३० टक्के ऊर्जा प्रथिनांतून. प्रथिन प्राणिज असो वा शेंगवर्गीय वनस्पतींचं, चरबी दोन्ही गटांत ३६ ते ४८ टक्के उतरली. उसळ खाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. अडचण अशी, की एकूण ऊर्जा तेवढीच ठेवून प्रथिन वाढवलं की पिठूळ पदार्थ आपोआप कमी होतात. श्रेय नेमकं कुणाचं? डॉक्टर आजही आधी ७ ते १० टक्के वजन उतरवायला सांगतात, ते उगीच नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेणं टाळा, असं सांगितलं. त्याच वर्षी देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. लोझानच्या बायकांना मिळालेले ६० ग्रॅम तरी मोजून दिलेले होते.