पार्श्वभूमी : परग्रहावरची ‘जात’

आमच्या श्राव्य विज्ञानमालिकेचे पहिले तीन भाग ऐकलेल्यांनी एक गोष्ट हेरली आहे. तिच्यातल्या अंतराळयानावर सात तऱ्हांचे जीव वावरतात, पण हा अमुक जातीचा, तो तमुक प्रजातीचा असं कुणीही कुणाबद्दल बोलत नाही. हे अनवधानाने राहिलेलं नाही. पहिल्या खर्ड्यात ‘जात’ हा शब्द पानोपानी होता. तो काढण्यावरून जितक्या बैठका झाल्या, तितक्या वेळात आणखी एक भाग लिहून झाला असता.

शब्दापायी परग्रहवासी जन्माला येण्याची गोष्ट तशी जुनीच. १८७७ साली एका इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेघा दिसल्या आणि त्याने त्यांना ‘कानाली’ म्हटलं. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नैसर्गिक चर असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे कालवे झाले. कालवे म्हटले की खणणारे आले, खणणारे आले की त्यांचं राज्य आलं. २० वर्षांनी, १८९७ मध्ये, तेच मंगळवासी एका इंग्रजी मासिकातून वळवळत्या सोंडांनिशी लंडनवर चालून आले. रेघा तर दृष्टिभ्रम निघाल्या.

मराठी विज्ञानकथेने या मंडळींना फारसा थारा दिला नाही. १९७४ साली एका नामवंत खगोलशास्त्रज्ञाने नावाची आद्याक्षरं उलटी करून टोपणनावाने स्पर्धेत कथा धाडली, ती पहिली आली, आणि पुढची काही वर्षं या प्रकाराला चांगले दिवस आले. पण त्या कथांमध्ये कृष्णविवरं, प्रयोगशाळा आणि शास्त्रज्ञ भरपूर. परका जीव आलाच तर पाहुण्यासारखा, चहा न घेता जाणारा.

आमच्या पिढीने परग्रहवासी पाहिले ते दूरदर्शनवर. १९८०च्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका लागायची, नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात एकच टीव्ही, आणि संवाद निम्मे कळायचे नाहीत. त्यामुळे आम्ही चेहरेच बघत बसायचो. तिच्यातले सगळे परके माणसासारखे का, याचं उत्तर खर्चात आहे. मूळ मालिका १९६६ची. नट माणूस, पैसा बेताचा, मग टोकदार कान चिकटवले की झाला दुसरा ग्रह. लढाऊ शत्रूंना तर नुसता चेहऱ्याला गडद रंग आणि दाढी-मिशी. १९७९ साली त्याच कथेवर चित्रपट आला, हातात पैसा आला, आणि त्याच शत्रूंच्या कपाळावर एकाएकी हाडांच्या वळ्या उगवल्या. आधी सपाट असलेलं कपाळ असं कसं बदललं, याचा कथेतल्या कथेत खुलासा करायला २००५ साल उजाडावं लागलं. रंगभूषेच्या पेटीतून निघालेला फरक पुढे वंशावळीत कसा शिरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

कपाळापेक्षा मोठी अडचण स्वभावाची होती. एक ग्रह म्हणजे एक गुण. तिकडचे सगळे तर्कनिष्ठ, पलीकडचे सगळे लढवय्ये. १९८७ साली सुरू झालेल्या पुढच्या मालिकेत मोठ्या कानांची, वाकड्या दातांची, नफ्यापलीकडे काही न दिसणारी एक जमात आली. ज्यूंच्या जुन्या कुचेष्टेचं हे नवं रूप आहे, अशी टीका तिच्यावर झाली. १९९३ नंतरच्या मालिकेत त्याच जमातीतला एक पोरगा बापाच्या धंद्यात न जाता आरमारात भरती होतो. ही दुरुस्ती चांगलीच होती. पण ‘अरे, यांच्यातला असूनही!’ हे कौतुक तिला शेवटपर्यंत चिकटून राहिलं. हे वाक्य आपल्याकडेही किती घरांत ऐकू येतं, ते सांगायला नको.

हिंदी पडद्यावर हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण तिथे पाहुणा एकटा येतो. २००३च्या ‘कोई... मिल गया’तला निळा, उन्हावर चालणारा. २०१४च्या ‘पीके’तला दिसायला माणूस, हात धरून भोजपुरी उचलणारा. एकट्याला समाज नसतो.

आमच्या पहिल्या खर्ड्यातला तक्ता याच दूरदर्शनी संस्कारातून उतरला होता. जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचे रुंद बांध्याचे लढवय्ये. धुक्यातले विचारवंत. व्यापारी. आणि सातव्या ओळीत, यानाच्या तळघरात राहणारे, कचरा आणि सांडपाणी हाताळणारे, ‘जन्मतः या कामासाठी घडलेले’. लिहिणाऱ्याच्या मनात शेणकिडे आणि गिधाडं होती, म्हणजे निखळ जीवशास्त्र. पण वाचन मोठ्याने चाललं होतं आणि आधीच्या प्रत्येक ओळीची सुरुवात ‘या जातीचे लोक’ अशी होती. सातव्या ओळीला खोली गप्प झाली. बैठक जिथे होती तिथून दीक्षाभूमी पायी दहा मिनिटांवर. १४ ऑक्टोबर १९५६ला तिथे काय झालं, हे नागपुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इथून शब्दांची ओढाताण सुरू झाली. ‘जाती’ नको तर ‘प्रजाती’ लिहा, असं एकाने सुचवलं. वर्तमानपत्रं तेच लिहितात. पण मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती ही वरची पायरी आणि जाती ही तिच्या खालची. वाघ आणि बिबट्या यांची प्रजाती एक, जाती वेगळ्या. म्हणजे वाघाला ‘प्रजाती’ म्हणणारी बातमी शास्त्राच्या हिशेबाने चूक आणि ‘जाती’ म्हणणारा प्राध्यापक व्यवहाराच्या हिशेबाने अडचणीत. शिवाय ‘प्र’ लावल्याने कुणाची सुटका होते? जात नाही ती जात, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

त्यात आमच्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी सगळा डावच उधळला. त्या म्हणाल्या, जाती-प्रजाती या एकाच झाडाच्या फांद्या असतात. वाघ आणि संत्रं यांचा पूर्वज, कितीही मागे जाऊन का होईना, एकच. दोघांच्या पेशींत डीएनएच. स्वतंत्रपणे जीव उपजलेल्या दोन ग्रहांवरचे जीव मात्र एका झाडावर बसवताच येत नाहीत. वाघाला संत्रं जितकं जवळचं, तितके ते एकमेकांना कधीच नसणार. तेव्हा हा शब्द माणुसकीच्या बाजूने चालत नाही आणि शास्त्राच्या बाजूनेही चालत नाही.

‘वाण’ हा शब्द काटोलकडच्या कापूस-संत्र्याच्या घरातून आला. कानाला गोड, मातीतला. ‘वाण नाही पण गुण लागला’ ही म्हणही तयार होती. पण म्हणीतला वाण म्हणजे रंग, आणि तो शब्द आला ‘वर्ण’ वरून. दाराबाहेर काढलेला पाहुणा परसातून आत आला होता. ‘कूळ’, ‘वंश’, ‘जमात’ यांची बोळवण एकाच संध्याकाळी झाली.

विरोधी बाजूचं म्हणणं असं, की श्राव्य मालिकेत चेहरा दिसत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला पात्र ओळखायला पटकन हाताशी येणारी खूण लागते. म्हणणं खोटं नाही. पण जात ही ओळखीची सोय आहे, हा युक्तिवाद या शहरात कुणी सरळ चेहऱ्याने मांडू शकत नाही.

शेवटी तोडगा निघाला तो आडनावांतून. ‘कर’. माणूस जिथला, तिथला तो कर. नागपूरकर व्हायला नागपुरात जन्मावं लागत नाही, उन्हाळे काढावे लागतात. चंद्रपूरकडच्या सभासदाने लगेच हरकत घेतली, की आमच्याकडे ‘वार’ लागतं, सगळं ब्रह्मांड पुणेरी कशाला? म्हणून दोन ग्रहांना ‘वार’ आहे.

‘कर’च्या बाजूने शेवटचं वजन टाकलं ते १९७७च्या त्या तबकडीने. अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यांत मराठी आहे, आणि मराठीत आपण स्वतःला ‘पृथ्वीतील लोक’ म्हणवून घेतलंय. जात नाही, प्रजाती नाही, लोक. याच शब्दाने आपण चौदा लोकही मोजतो, म्हणजे राहणारे आणि राहण्याची जागा दोन्हींना एकच नाव. त्याच तबकडीत एका गायिकेची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावावरून तिचं आडनाव, म्हणजे तीही ‘कर’च. बंदिशीचे शब्द ‘जात कहाँ हो’. अंतराळात गेलेली आपली एकमेव ‘जात’ ती, आणि तिथे तिचा अर्थ निघालीस कुठे, एवढाच आहे.

शब्द ठरल्यावर पात्रं बदलावी लागली. नियम एकच केला: प्रत्येक ठिकाणचे किमान दोघे, दोघांची कामं वेगळी, आणि दोघांचं एकमेकांशी पटता कामा नये. कल्पनेला खाद्य मात्र भरपूर होतं. शनीच्या एन्सेलॅडस चंद्रावर बर्फाखालून उसळणारे फवारे २००५मध्ये दिसले; तशा बंद समुद्रातल्या दोघांना आकाश ही गोष्टच ठाऊक नाही, आणि एकाला ते आवडतं, दुसरा डोळे मिटून घेतो. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या एका लाल ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचं २०१७मध्ये जाहीर झालं. तिथे एक बाजू कायम उजेडात असण्याचा संभव मोठा, म्हणून संधिप्रकाशाच्या पट्ट्यातले दोघे ‘उद्या’ या शब्दावरून भांडतात. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोन-तृतीयांश हातांमध्ये असतात, यावर बेतलेलं पात्र तीन नटांच्या आवाजात बोलतं आणि स्वतःला ‘आम्ही’ म्हणतं. नभोनाट्यात हे स्वस्तात होतं. कपाळाला काही चिकटवावं लागत नाही.

एक सूचना मात्र तत्काळ फेटाळली. नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची प्राचीन शिळावर्तुळं परग्रहवासीयांनी मांडली, असं दाखवायचं होतं. जवळपास ३०० वर्तुळं माणसांनी धोंडे वाहून उभी केली आणि श्रेय भलत्यालाच द्यायचं, हे कुणालाच रुचलं नाही.

लिंगाचा घोळ अजून मिटलेला नाही. इंग्रजी लेखक ‘आय केम’ लिहून मोकळा होतो, कारण तिथे क्रियापद काही बोलत नाही. मराठीत तोंड उघडताच कळतं. ‘आलो’ की ‘आले’. आपल्या विदर्भातली बाई तर ‘मी आली’ म्हणते. आम्ही एका पात्राला ‘मी आलं’, ‘मी येऊन राहिलं’ असं बोलायला लावलं. व्याकरण चुकल्याच्या तक्रारी आल्या. लहान मुलांनी मात्र एकही केली नाही.

चौथ्या भागाचं ध्वनिमुद्रण आता अडलंय ते यानावरच जन्मलेल्या एका पोरापायी. त्याला कुठलाच ग्रह नाही, म्हणून ‘कर’ही नाही आणि ‘वार’ही नाही. ‘यानकर’ त्याला स्वतःला आवडत नाही, असं ते लिहिणाऱ्याचं म्हणणं आहे. संहितेत तिथे सध्या नुसती टिंबं आहेत.