सोनेरी निवडुंग : ऊन सोसतो, पाऊस सोसत नाही

आमच्याकडून गोल्डन बॅरल घेतल्याबद्दल आभार. कुंडी जागेवर ठेवण्याआधी एवढं वाचून घ्या, कारण नागपुरात हे झाड उन्हानं क्वचितच मरतं. मरतं ते जुलै-ऑगस्टच्या पाण्यानं. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात छपराबाहेर राहिलेली आमची बारा झाडं आठवडाभराच्या झडीत सडली. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला आम्ही हेच आधी सांगतो.

हा निवडुंग मूळचा मेक्सिकोतल्या केरेतारो आणि हिदाल्गो भागातल्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. १९९० च्या दशकात तिथं सिमापान धरण झालं आणि त्याच्या मूळ जागेतला मोठा भाग पाण्याखाली गेला. शौकिनांसाठी झाडं उपटून विकली गेली, ती वेगळीच. जगभरच्या बागांत दिसणारं हे झाड रानात मात्र आज धोक्यात आहे. म्हणून आम्ही फक्त बियांपासून वाढवलेली झाडं ठेवतो. फुटबॉलएवढा गोळा व्हायला दहाएक वर्षं लागतात, किंमत जास्त वाटते ती त्यामुळे.

लहान रोपाच्या अंगावर कडा नसतात, नुसत्या गाठी असतात. ‘हे दुसरंच झाड दिलं’ असं वाटू देऊ नका. वाढता वाढता गाठी जुळून उभ्या कडा होतात. पाणी प्यायल्यावर या कडा फुगतात, तहानल्यावर साडीच्या निऱ्यांसारख्या आत ओढल्या जातात. पिवळी फुलं डोक्यावरच्या लवीत येतात, पण झाड चांगलं थोराड झाल्यावरच. कुंडीत वीस वर्षंही थांबावं लागतं. छोट्या झाडावर भडक रंगाचं फूल दिसलं तर ते डिंकानं चिकटवलेलं नाही ना, हे नक्की बघा.

माती हा खरा प्रश्न. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती यात नको. दोन भाग जाड रेती (चाळून, धूळ काढून), एक भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग कुजलेला पालापाचोळा. कुंडी मातीची, बुडाला मोठं भोक असलेली आणि झाडापेक्षा दोन बोटंच रुंद घ्या. मोठ्या कुंडीतली माती लवकर वाळत नाही.

पाणी वारावर नको, बोटावर द्या. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा. द्यायचं ते संध्याकाळी आणि मुळाशी. जूनच्या पहिल्या सरीआधी कुंडी पत्र्याखाली किंवा छज्जाखाली घ्या आणि पावसाळाभर पाणी जवळजवळ बंद ठेवा. कूलरच्या खिडकीखाली कुंडी नको, तिथं माती सुकतच नाही.

आमची झाडं शेडनेटखाली वाढली आहेत. एकदम गच्चीवरच्या उघड्या उन्हात ठेवाल तर पांढुरके चट्टे पडतील आणि ते कधीच जात नाहीत. दोन-तीन आठवडे रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या. एप्रिल-मेमध्ये घेतलं असेल तर फक्त सकाळचं ऊन पुरे. जुन्या, सरावलेल्या झाडालाही नवतपात दुपारी हिरवी नेट लावा. उलट घरात अंधारात ठेवलं तर डोकं टोकदार आणि फिकट होतं. काटेरी झाड घरात नको, असं मानणारे बरेच ग्राहक विचारतात. त्यांना आम्ही सांगतो, गच्चीवर ठेवा. त्याला तीच जागा मानवते.

कुंडी बदलायची ती फेब्रुवारीत, दोन-तीन वर्षांनी. वर्तमानपत्राची जाड घडी झाडाभोवती गुंडाळून उचला आणि नव्या कुंडीत आठवडाभर पाणी देऊ नका.

बुडाशी तपकिरी, पण टणक साल दिसली तर ते वय आहे, काळजी नको. काडीनं दाबून मऊ लागलं तर ती सड. याची फांदी लावून नवं झाड होत नाही, त्यामुळे उशीर करू नका. पाणी बंद करा, झाड मातीतून काढा आणि त्याच दिवशी आमच्याकडे घेऊन या.