वजनाच्या क्लिनिकमधून थेट स्टाफरूममध्ये

ट्रॉमा-इन्फॉर्म्ड स्कूल, म्हणजे मुलांच्या मनावर आधी झालेले आघात लक्षात घेऊन वागणारी शाळा, हा शब्द हल्ली टीचर ट्रेनिंगवाल्यांच्या तोंडात इतका बसलाय की वाटतं बीएडच्याच कुठल्यातरी पुस्तकातून आला असेल. पण सुरुवात झाली अमेरिकेत सॅन दिएगोला, तेही वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये. १९८५ च्या आसपास कायझर पर्मनंटे या आरोग्यसेवा आणि विमा देणाऱ्या संस्थेचे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी ते चालवायचे, आणि त्यांना एक कोडं सुटत नव्हतं, ज्यांचं वजन मस्त उतरतंय तेच पेशंट मधेच सोडून जायचे. मग एकेकाला बसवून विचारलं तर लहानपणीचे अत्याचार बाहेर यायला लागले, एकदोघांचे नाही, कितीतरी जणांचे.

पुढे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे रॉबर्ट अँडा सोबत आले आणि १९९५ ते ९७ मध्ये १७ हजारांवर लोकांना विचारलं गेलं की लहानपणी मारहाण झाली का, घरात कोणी दारुडं होतं का, आईला मार खाताना पाहिलं का, घरातलं कोणी जेलात होतं का. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एका गोष्टीला हो म्हटलं, आणि आठातल्या एकाने चार किंवा जास्त गोष्टींना. यातले बहुतेक गोरे, कॉलेजात गेलेले, इन्शुरन्स असलेले लोक होते बरं का. जितके ‘हो’ जास्त तितका पुढे हार्टचा, व्यसनाचा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त. पहिला पेपर १९९८ ला आला.

तोवर हे सगळं डॉक्टरांचंच होतं. शाळेत आणलं ते, गंमत बघा, वकिलांनी. मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांना दिसत होतं की शाळेतून काढलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी मारहाण चालू असते. त्यांनी हार्वर्ड लॉ स्कूलला जोडीला घेऊन २००५ मध्ये रिपोर्ट काढला आणि म्हटलं की एका समुपदेशकावर ढकलून भागणार नाही, अख्ख्या शाळेला शिकवा. बरोबरच आहे, कारण जे पोर सतत सावध असतं त्याच्यावर मागून कोणी ओरडलं की ते एकतर अंगावर येतं नाहीतर गोठून जातं, आणि आपण म्हणतो उर्मट आहे. आणि ओरडणारे नेहमी सरच असतात असं कुठंय, बसचा ड्रायव्हर असतो, शिपाईकाका असतात, खिचडी वाढणाऱ्या मावशी असतात.

मग आलं वॉला वॉला, वॉशिंग्टन राज्यातलं छोटं गाव. तिथल्या लिंकन हायस्कूलच्या जिम स्पोर्लेडर या मुख्याध्यापकांनी २०१० मध्ये स्टाफला हे शिकवलं, पोरगं शिवी देऊन वर्गातून निघालं तर आधी ‘आज काय झालं रे?’ विचारायचं, शिक्षा नंतर. सस्पेन्शनचे दिवस एका वर्षात ७९८ वरून १३५ वर आले. हा आकडा प्रत्येक ट्रेनिंगच्या स्लाइडवर असतो, पण एका शाळेचा आकडा तो एका शाळेचाच. २०१९ ला अभ्यासकांनी असल्या शाळांवरच्या संशोधनाचा आढावा घ्यायला बसून सगळं चाळलं तर त्यांच्या कसोटीत बसणारा एकही अभ्यास सापडला नाही, शून्य! आणि २०२० मध्ये खुद्द अँडांनीच सांगितलं की आमचा स्कोअर, म्हणजे किती गोष्टींना ‘हो’ म्हटलं तो आकडा, एकेका व्यक्तीला मोजायला वापरू नका. तरी मुलांना नंबर देणारे फॉर्म फिरतातच.

आपल्याकडचा रस्ता वेगळा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिवकडची जवळपास १२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला आणून शिकवली, तेव्हा ट्रॉमा हा शब्द इथे कोणाच्या तोंडी नव्हता, काम मात्र तेच होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आणली. पण मारायचं नाही तर मग करायचं काय, हे काही कलमात लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये आयुष्मान भारतमधून शालेय आरोग्य कार्यक्रम आला, त्यात ट्रेनिंग दर शाळेतल्या दोन शिक्षकांना. शिपाईकाका आणि मावशी त्या यादीत नाहीत.