युरोपचा डिजिटल कायदा ‘सत्य’ ठरवतो का?

युरोपीय संघाचा ‘डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट’ म्हणजे सरकारला न पटणाऱ्या पोस्ट उडवण्याचा परवाना, असं कायदा आला तेव्हापासून सांगितलं जातंय. हे साफ चूक आहे. 2022 साली संमत झालेल्या या कायद्यात खोटी माहिती देणं हा गुन्हा ठरवलेला नाही. बेकायदा काय, हे संघाचे आणि सदस्य देशांचे इतर कायदेच ठरवतात.

मग अपप्रचाराचं काय? कायदा बोट ठेवतो ते यंत्रणेवर. युरोपात महिन्याला किमान 4.5 कोटी वापरकर्ते असलेले ऑनलाइन मंच आणि सर्च इंजिन चालवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या रचनेमुळे निवडणुकांना काय धोका पोचतो ते दरवर्षी तपासायचं, तो कमी करायचा आणि बाहेरच्यांकडून ऑडिट करून घ्यायचं. कसूर झाल्यास जागतिक उलाढालीच्या 6 टक्क्यांपर्यंत दंड.

आणि तुमचीच पोस्ट काढली तर? कोणत्या नियमाखाली काढली, निर्णय यंत्राने घेतला का, दाद कुठे मागायची, हे सगळं कंपनीने तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते. गळचेपी करणारा कायदा अपिलाची वाट कशाला दाखवेल? शिवाय तुमच्या सवयींचा माग न काढता चालणाऱ्या फीडचा पर्यायही या बड्या कंपन्यांना द्यावाच लागतो.